दवाखान्यांतील जागा आणि आमची लेखणी
(गांवच्या चावडीपुढें एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



मेडिकल कॉलेज म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें डॉक्टर येतो, आणि डॉक्टर कांहीं आपल्या घरांतला नव्हे असें समजून आपण जाहिरातीच्या कागदांत भाकरी बांधतों. पण तेथील विद्यार्थी रोग्याच्या खाटेजवळ शिकतो. म्हणून कॉलेज आलें कीं रुग्णालय आलें, आणि रुग्णालय म्हणजे एक गांवच. परिचारिका, औषधें देणारा, रक्त तपासणारा, क्ष-किरणांचें यंत्र चालविणारा, कारकून, कक्षसेवक, सगळे तेथें लागतात. सरकारी जाहिरातींत शिंपी, परीट, न्हावी, माळी यांच्याहि जागा आम्हीं वाचल्या आहेत.

ह्या जागा कोणास मिळाव्यात हा तंटा जुना आहे. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनीं १९०२ सालीं रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकीं शेंकडा ५० मागासलेल्या वर्गांकरितां राखून ठेवण्याचा हुकूम काढला. मुंबईस परळ येथें १९२६ सालीं के. ई. एम. रुग्णालय व शेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज सुरू झालें, तेव्हां शेठजींच्या विश्वस्तांनीं देणगीस अटच घातली कीं, शिकविणारे हिंदी असावेत व सरकारी नोकरींतले नसावेत. कारण वरच्या जागा त्या काळीं गोऱ्यांकडे जात.

आज हुकूम आहे, कायदा आहे. अडतें तें कागदावर.

आमच्या शाळेंतील एका लोहाराच्या मुलीनें बारावीनंतर तीन वर्षांचा जी. एन. एम. चा अभ्यास केला, नर्सिंग कौन्सिलांत नांव नोंदविलें आणि भरतीच्या परीक्षेंतहि उतरली. कागद तपासण्याच्या दिवशीं पाहतात तों शाळेच्या दाखल्यावर आडनांव एक, जातीच्या प्रमाणपत्रावर दुसरें. दुरुस्ती करून आणीपर्यंत मुदत संपली व जागा तिच्या खालच्या उमेदवारास गेली.

तें नांव आम्हींच लिहिलें होतें. पहिलींत घालतांना बापानें आडनांव नीट सांगितलें होतें. आम्हीं घाईघाईनें 'लोहार' असें धंद्याचें नांव लिहून मोकळे झालों. मुलगी आज एका खाजगी दवाखान्यांत थोड्या पगारावर रात्रपाळी करिते. मध्यंतरीं आम्हीं तिच्या बापाकडे विळा पाणी पाजावयास नेला, तर त्यानें पैसे घेतले नाहींत. चार शब्द बोलला असता तर बरें वाटलें असतें.

मूल शाळेंत आहे तोंवर ही चूक दुरुस्त करणें सोपें. शाळा सुटल्यावर तीच गोष्ट फार अवघड. जातीचा दाखला, त्याची वैधता, नॉन-क्रीमिलेअर, अधिवास, हे कागद जाहिरात निघाल्यावर धांवून मिळत नाहींत, आधीं करून ठेवावे लागतात. आणि 'जागा लावून देतों, जमीन गहाण टाका' म्हणणारा दारीं आला तर त्यास पाणीसुद्धां विचारूं नका. तेवढ्या पैशांत मुलगी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या चार वर्षांच्या बी. एस्सी. नर्सिंगचा बराचसा खर्च भागवील.

येत्या शनिवारीं शाळा सकाळची आहे. पोरांचे जन्माचे दाखले, आधारकार्डें व बापाचा जुना शाळेचा दाखला घेऊन या. आम्ही रजिस्टर उघडून बसतों.