रिकामा पार आणि पोरांच्या हातातला मोबाइल
(किल्लारी येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



संयोजकांनी मला पहिल्यांदा विषय कळवला तो असा : ‘मोबाइल आणि बिघडलेली तरुण पिढी’. मी म्हटलं, विषय चांगला आहे, पण त्यातलं ‘बिघडलेली’ तेवढं काढा. एक साक्ष झालेली नाही आणि निकाल छापून तयार, असं करून बोलण्यात अर्थ नाही. त्यांनी ते ऐकलं, याबद्दल त्यांचे आभार.

तक्रार खरी आहे, हे आधीच सांगतो. मयतीला आलेलं पोरगं सरण रचलं जात असताना मोबाइलवर बोट फिरवत उभं असतं आणि मधेच हसतं. ज्याचा बाप गेलेला असतो त्याला ते हसणं दिसतं आणि ते त्याच्या मनातून जात नाही. पंगतीत शेजारी बसलेले आजोबा दोनदा विचारतात, ‘कुणाचा रे तू?’ आणि पोरगं मान वर न करता ‘हं’ म्हणतं. सप्ताहात कीर्तन रंगात आलेलं असतं आणि टाळकऱ्याच्या खिशात गाणं वाजायला लागतं. समोर जिवंत माणूस असताना त्याच्याकडं न बघणं हा त्याचा अपमान आहे. मी हे हलकं करून सांगणार नाही.

आता पोरांचं म्हणणं ऐका. मी कॉलेजातल्या मुलामुलींना विचारत आलोय. ती सांगतात : ‘आबा एसटीत बसले की आवाज मोठा करून व्हिडिओ लावतात, सगळ्या गाडीला ऐकावं लागतं.’ ‘आई जेवताना मावशीशी फोनवर बोलते, आम्ही हात लावला की ओरडते.’ ‘बापू मोटारसायकल चालवताना मोबाइल खांद्यात दाबून बोलतात आणि आम्हाला अपघाताच्या बातम्या वाचून दाखवतात.’ ह्यातलं एक तरी खोटं आहे का? मुंबईत बेस्टला एप्रिल २०२३ मध्ये आदेश काढावा लागला की बसमध्ये इअरफोनशिवाय मोबाइलवर काही ऐकायचं नाही, पाहायचं नाही आणि मोठ्यानं बोलायचंही नाही. तो आदेश सगळ्या प्रवाशांना होता. २०१९ मध्ये सुबोध भावे यांनी जाहीरपणे सांगितलं की प्रयोगात मोबाइल असेच वाजत राहिले तर आपण नाटकात काम करणं थांबवू. त्याच वर्षी सुमीत राघवन यांनी नाशिकला चालू प्रयोग थांबवला, कारण तेच. तिकीट काढून नाटकाला येणारा मराठी प्रेक्षक बहुतेक चाळिशीच्या पुढचा असतो. ते फोन विशीतल्या पोरांच्या खिशातच वाजत होते असं कुणी म्हणणार असेल तर त्यानं एकदा नाट्यगृहात जाऊन मागं वळून बघावं.

ह्याहून फार वाईटही झालंय. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. ती मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, पोटासाठी फिरणारी माणसं होती. मुलं पळवणारी टोळी आलीय, अशी अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवर फिरत होती. ती पुढं पाठवणारे सगळे काही सोळा-सतरा वर्षांचे नव्हते. त्यात मुलाबाळांची काळजी वाटणारे बाप होते, आजे होते. पोरगं रील बघतं तेव्हा त्याचा वेळ जातो. मोठा माणूस खात्री न करता निरोप पुढं ढकलतो तेव्हा कुणाचा तरी जीव जाऊ शकतो. पिढीचा हिशेब मांडायचा असेल तर हेही त्यात मांडलं पाहिजे.

आणि मोबाइल पोरांच्या हातात दिला कुणी? सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि इंटरनेट खेड्यातल्या घराला परवडायला लागलं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. तेव्हा आपण, म्हणजे सरकारनं, शिक्षकांनी, आईबापांनी सांगितलं, बाळा, शाळा आता ह्याच्यातच आहे. कुणी शेळी विकून, कुणी उसनवारी करून मोबाइल आणला. पुढं शाळा उघडल्या, पण तोवर सवय लागलेली होती. आपणच लावलेल्या सवयीवर आपणच संतापतो. लेकरांना हे कळतं. ती बोलत नाहीत, एवढंच.

शिवाय आपलं त्यांच्यावाचून चालतं का? ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. सातबाऱ्यावर सोयाबीन लागायचं तर शेतात उभं राहून मोबाइलवर फोटो काढून पाठवावा लागतो. आजोबांना ते जमत नाही, नातू बांधावर जातो. पिकाचं नुकसान झालं की २०२४ पर्यंत विमा कंपनीला ७२ तासांत कळवावं लागायचं, ते नातू करायचा. पीएम किसानची केवायसी सून करते. लातूरच्या अडतीवर सोयाबीन काय भावानं गेलं आणि पंजाबराव डख पावसाचं काय म्हणतात, हे बघायला मात्र आजोबा स्वतः मोबाइल घेतात आणि अर्धा तास खाली ठेवत नाहीत. त्यात काही चूक नाही. फक्त तेव्हा कुणी त्यांना बिघडलेले म्हणत नाही.

आता मी जे सांगायला आलोय त्याकडं वळतो, कारण ते फक्त किल्लारीतच सांगता येतं.

सगळीकडं ऐकतो तसं इथंही ऐकतो : पूर्वी पोरं पारावर यायची, थोरांजवळ बसायची, मोबाइल आला आणि पार रिकामा झाला. दुसऱ्या गावाचं मला माहीत नाही. ह्या गावापुरतं हे खरं नाही. तारखा बघा. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपात आपलं गाव पडलं. भारतात मोबाइलवरचं पहिलं बोलणं झालं ३१ जुलै १९९५ रोजी, कलकत्ता आणि दिल्ली यांच्यात. आपल्याकडं तो यायला त्यानंतर कितीतरी वर्षं गेली. तोवर जुनी किल्लारी सोडून आपण नव्या गावात राहायला आलो होतो. ५२ गावं जागेवरून उठवून दुसरीकडं वसवली गेली. पार तेव्हाच मागं राहिला.

ज्यांनी जुनं गाव पाहिलंय त्यांना सांगायला नको, पण मागं उभ्या असलेल्या पोरांसाठी सांगतो. वाड्याला आधी ढाळज असायची. बाहेरचा माणूस ढाळजेत बसायचा, घरचं म्हातारं माणूस तिथंच दिवसभर असायचं. शाळेतून येणारं पोरगं, रानातून येणारी सून, उधारी मागायला आलेला दुकानदार, सगळे त्याच्या समोरून जायचे. एका गल्लीत एका भावकीची घरं. माळवदावरून माळवदावर जाता यायचं. आजोबांशी बोलायला वेगळा वेळ काढावा लागत नव्हता, ते वाटेवरच बसलेले असायचे.

त्याच दगडामातीच्या भिंतींनी आणि त्याच जड माळवदांनी आपली माणसं मारली. सरकारी मोजणीनंही मेलेल्यांचा आकडा साडेसात हजारांच्या वर जातो. अरुंद गल्ल्यांमध्ये मलबा पडून पळायला वाट राहिली नाही. म्हणून नव्या गावात आपणच रुंद रस्ते मागितले, आपणच म्हणालो की दगड नको. ते बरोबरच होतं, आणि आजही मी तेच मागेन. पण त्याबरोबर दुसरंही घडलं. घरं जमिनीच्या हिशेबानं मिळाली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, त्याच्या वर सात हेक्टरपर्यंत ४०० चौरस फूट, त्याहून जास्त असेल तर ७५० चौरस फूट. अनेक गावांत एका आकाराची घरं एका भागात आली. भावकी फुटली, शेजार फुटला. आखलेल्या सरळ रस्त्यांवर सुटी सुटी घरं उभी राहिली. २५० चौरस फुटांत ढाळज कुठून येणार? म्हातारं माणूस आतल्या खोलीत गेलं, पोरगं बाहेरच्या रस्त्यावर आलं, आणि दोघांनी एकमेकांना बघायची जागाच उरली नाही. मोबाइल आला तो ह्या मोकळ्या जागेत आला. त्यानं पुढं पुष्कळ नुकसान केलं असेल, पण ही फूट त्यानं पाडलेली नाही.

आणखी एक आठवण काढतो. ती दुखरी आहे, पण आज काढलीच पाहिजे. भूकंपानंतरच्या दिवसांत पाऊस पडत होता, लोक हातांनी माती उपसत होते, सैन्य आलं होतं, गावोगावहून भाकरी येत होत्या. आणि त्याच रस्त्यांवर बघ्यांच्या गाड्या होत्या. लांबून लांबून माणसं नुसतं बघायला आली. त्या गर्दीत मदतीच्या गाड्या अडल्या, पोलिसांना बघ्यांना आवरावं लागलं. त्यांच्या हातात मोबाइल नव्हता, तरी दुसऱ्याचं मरण बघून परत जाणारी माणसं तेव्हाही होती आणि ती आपल्याच पिढीची होती. आज अपघात झाला की पोरं मदत सोडून शूटिंग करतात, असं आपण म्हणतो. करतात, आणि ते वाईटच आहे. पण त्यांना दटावताना १९९३ च्या बघ्यांना विसरू नका, आणि ज्यांनी नखं तुटेस्तोवर माती उपसली त्यांनाही विसरू नका. दोन्ही प्रकारची माणसं प्रत्येक पिढीत असतात.

मग करायचं काय? आपल्या राज्यातच याची दोन उत्तरं दिली गेली आहेत आणि ती एकमेकांहून अगदी वेगळी आहेत.

यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी गावानं नोव्हेंबर २०२२ मध्ये ठरवलं की १८ वर्षांखालच्या मुलांनी मोबाइल वापरायचा नाही. ऑस्ट्रेलियासारख्या देशानंही १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांची दारं बंद केली. हेतूबद्दल मला शंका नाही. लहान मुलांना मोठ्या कंपन्यांच्या तावडीतून सोडवायला कायदा लागतोच. पण गावातल्या गावात, घरातल्या घरात असा नियम केला की लेकरू बापाकडं बघतं. बापाच्या हातात मोबाइल असतो. नियम तिथंच मोडतो.

दुसरं उत्तर सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं दिलं. कडेगाव तालुक्यातलं, सुमारे तीन हजार वस्तीचं गाव. तिथं १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत गावातल्या घरांमधले टीव्ही आणि मोबाइल बंद राहतात. सरपंच विजय मोहिते यांनी पुढाकार घेतला, ग्रामसभेनं ठरवलं, सुरुवातीला आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीची माणसं घरोघर फिरली. मुलं त्या वेळात अभ्यास करतात. पण माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की भोंगा सासूलाही आहे, सुनेलाही आहे, सरपंचालाही आहे. मालिका बंद, रील बंद, क्रिकेट बंद. ती बातमी वाचून आपल्या पलीकडच्या उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीनंही संध्याकाळचे दोन तास तसेच ठरवले. जकेकूरवाडीही भूकंपाच्या पट्ट्यातलीच, आपल्याच मातीतली. तिला जमलं ते आपल्याला का जमू नये?

मला ह्या दोन उत्तरांतून निवडायला सांगाल तर मी वडगावचं निवडेन. ज्या नियमात थोरांनी आधी मोबाइल खाली ठेवायचा असतो तोच नियम पोरं पाळतात. पस्तीस वर्षं शाळेत शिकवताना मी हेच पाहिलं. वर्गात मास्तर वेळेवर आला तर पोरं वेळेवर येतात.

ज्येष्ठांना माझं एक मागणं वेगळं आहे. दरवर्षी ३० सप्टेंबरला आपण स्मारकापाशी जमतो. नंतर कुजबुज ऐकू येते की पोरांना काही वाटत नाही, नुसते फोटो काढतात. अहो, त्यांना वाटावं असं आपण सांगितलंय काय? भूकंपाच्या वर्षी जन्मलेली लेकरं आता तिशी ओलांडून गेली आहेत. पत्र्याच्या शेडमध्ये वाढलेल्या त्या लेकरांसमोर आपण तो विषय काढला नाही, कारण आपल्याला तो सहन होत नव्हता. कित्येक घरांत मेलेल्या भावाबहिणीचं नावसुद्धा उच्चारलं गेलं नाही. ते मौन मी समजू शकतो, माझ्या घरातही होतं. पण त्या मौनाला पोरांची बेफिकिरी म्हणू नका. १९९३ मध्ये तिशीत असलेली, स्वतःच्या हातांनी माणसं बाहेर काढलेली मंडळी आता साठी ओलांडून गेली आहेत. काही ह्या सभागृहात बसलेली मला दिसतायत. त्यांनी बोलायला पाहिजे.

आणि पोरांनो, तुमच्या हातात जे आहे ते ह्याच कामाला लावा. आजीजवळ बसा, मोबाइल समोर ठेवा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि मग त्याच्याकडं बघू नका, आजीकडं बघा. जुनं घर कुठं होतं, शेजारी कोण होतं, त्या रात्री कोण कुठं झोपलं होतं, कोण निघालं आणि कोण राहिलं, हे विचारा. ती रडेल. उठून जाऊ नका.

येत्या २ ऑक्टोबरला, भूकंपाच्या दिवसानंतर दोनच दिवसांनी, ग्रामसभा आहे. संध्याकाळचा एक तास गावातले सगळे मोबाइल आणि टीव्ही बंद, लहानथोर सगळ्यांना सारखा नियम, असा ठराव त्या सभेत मांडा. मांडणारा हात साठीच्या पुढच्या माणसाचा असावा आणि अनुमोदन विशीतल्या पोरानं किंवा पोरीनं द्यावं, एवढी माझी विनंती आहे.