हौज खासच्या काठाने
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मी साहित्यिक नव्हे. तीस वर्षे सरकारी टिपणे लिहिण्यातच माझी लेखणी झिजली. तेव्हा आजच्या मंगल प्रसंगी दिल्लीतील माझ्या एका नित्याच्या फेरीविषयीच चार शब्द बोलावे म्हणतो.

रविवारी सकाळी मी हौज खासच्या उद्यानात जातो. डिअर पार्कच्या फाटकातून आत शिरले की दाट वनराई लागते. मोरांचा केकारव कानी येतो, झाडांआडून ‘बाग-ए-आलम’चा घुमट डोकावतो. त्यावरील लेख १५०१ सालचा आहे. रमतगमत पुढे जावे, तो तलाव समोर येतो. पलीकडच्या काठावर जुन्या मदरशाच्या कमानींची ओळ आणि तिच्या कोपऱ्यावर फिरोजशाह तुघलकाची कबर दिसते.

हा तलाव खोदविला अल्लाउद्दीन खिलजीने. त्याची कारकीर्द १२९६ ते १३१६. आपल्या सिरी नगरीला पाणी मिळावे, हा हेतू. मूळ विस्तार सुमारे ५० हेक्टर होता. परंतु १३५१ साली फिरोजशाह गादीवर आला, तोपर्यंत एवढा मोठा तलाव गाळाने भरून गेला होता. लोक त्याच्या तळात शेती करीत आणि तेथेच विहिरी खणून पाणी विकीत, असे फिरोजशाहनेच आपल्या वृत्तान्तात नमूद केले आहे.

हा राजा नवी शहरे वसविणारा, कालवे काढणारा. नवा तलाव खोदून त्याला स्वतःचे नाव देणे त्याला अवघड नव्हते. तरी त्याने दुसऱ्याच्या तलावातील गाळ उपसला आणि काठावर विद्यालय उभारले. त्याच्या कारभारात निंद्य गोष्टीही होत्या, त्या मी झाकू इच्छित नाही. पण हे काम मात्र मला मोठे वाटते. १३८८ साली तो निवर्तला, तेव्हा याच काठावर त्याचे दफन झाले. पुढे दहाच वर्षांत, १३९८ साली, दिल्ली जिंकणाऱ्या तैमूरची छावणीही येथेच पडली.

उद्यानातून बाहेर पडून हौज खास गावाच्या बाजूने आत गेले की कबरीपाशी पोहोचता येते. सिकंदर लोदीने तिची दुरुस्ती करविली, असे तिच्या दरवाज्यावरील लेख सांगतो. तो काळ १५०७-०८ चा. म्हणजे ज्याने दुसऱ्याचे सावरले, त्याचे तिसऱ्याने सावरले!

विसाव्या शतकात तलाव पुन्हा कोरडा पडला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी वसंत कुंजच्या केंद्रात शुद्ध केलेले सांडपाणी आणून त्याचा काही भाग भरण्यात आला. पाण्यावर हिरवे शेवाळ धरते, कधी दुर्गंधीही येते. पण पाणी आले, तसे पक्षी आले. एकदा उपसून काम संपत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता आपल्या घरची गोष्ट. मंडळाच्या ग्रंथालयातील पुस्तके कोणास तरी देऊन टाकावीत, असा ठराव गेल्या वर्षी बैठकीत आला. तो मांडणारा मीच होतो. वर्षभरात अवघी अकरा पुस्तके बाहेर गेली होती. कागदोपत्री माझे म्हणणे बिनचूक होते. ठराव पुढील बैठकीसाठी राखून ठेवण्यात आला.

त्यानंतर तलावाकाठी बसलो असताना मनात आले, त्या विहिरी खणणाऱ्यांचे म्हणणेही बिनचूकच असेल. तलाव आटला आहे, मग जागा का अडवावी? पन्नास वर्षांपूर्वी परमुलखात, तुटपुंज्या पगारातून वर्गणी काढून आपल्या संस्थापकांनी हा मराठीचा तलाव खणला. त्यातील गाळ त्यांचा नव्हे, आपल्या दुर्लक्षाचा आहे. त्या अकरा पुस्तकांपैकी माझ्या घरी एकही आले नव्हते. माझ्या मुलांना मराठी बोलता येते, वाचता येत नाही. त्याचा दोष कपाटांना कसा देऊ?

म्हणून तो ठराव मी या व्यासपीठावरून मागे घेतो. येत्या रविवारी माझी फेरी तलावाकाठी होणार नाही. सकाळी नऊ वाजता मी फडके आणि नोंदवही घेऊन ग्रंथालयात येईन. ज्यांना सवड असेल त्यांनी अवश्य यावे, आणि मुलांनाही आणावे.