श्रेणीची कायम ठेव
(मंडळाच्या सर्वसाधारण सभेतील भाषण)



कायम ठेव मोडून यंदाची तूट भरावी, अशी सूचना आज सभेपुढे आहे. हात वर करण्यापूर्वी जुन्या श्रेणींचे, म्हणजे एकाच धंद्यातल्या लोकांच्या संघांचे, हिशेब जरा पाहू.

नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे. भिक्षूंसाठी त्याने गोवर्धनच्या दोन विणकर श्रेणींकडे पैसे ठेवले. एकीकडे २००० कार्षापण, दरमहा शेकडा १ व्याजाने. दुसरीकडे १०००, शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीचे वर्षाला २४० होतात. वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२. चोख हिशेब! मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजच खर्चायचे, हेही तिथे कोरलेले आहे.

पण धंदाच बसला तर? त्यासाठी फार लांब जायला नको, आपले मंदसौर आहे. रेशीम विणणारी मंडळी लाट देशातून, म्हणजे दक्षिण गुजरातेतून, तिथे आली. आपल्यासारखीच बाहेरून येऊन माळव्यात रुजलेली. त्यांच्या श्रेणीने इ.स. ४३६च्या सुमारास स्वकमाईतून सूर्यमंदिर बांधले. वत्सभट्टीच्या प्रशस्तीत त्यांचे वर्णन आहे: कोणी धनुर्विद्येत, कोणी ज्योतिषात, कोणी कथाकथनात शिरले, बाकीचे मागावरच राहिले. पुढचे दिवस ओढीचे आले. स्कंदगुप्तापासून सोन्याच्या नाण्यांतला कस उतरत गेला. मंदिराचाही काही भाग पडला. तरी ४७३च्या सुमारास त्याच श्रेणीने ते दुरुस्त केले. माझा तर्क असा, की धंदा सोडलेल्यांनी वर्गणी सोडली नव्हती.

त्याच काळातला, ४६५चा, इंद्रपूरचा ताम्रपट आहे. (हे गाव बुलंदशहर जिल्ह्यातले, आपले इंदूर नव्हे!) देवविष्णू नावाच्या ब्राह्मणाने सूर्यमंदिरातल्या दिव्यासाठी तेल्यांच्या श्रेणीकडे ठेव ठेवली. श्रेणीने तेल पुरवत राहायचे. त्यातली अट मला फार शहाणपणाची वाटते: श्रेणी गाव सोडून गेली तरी, जोवर ती एकजुटीने आहे तोवर ठेव तिचीच.

म्हणून माझी उपसूचना आहे. ठेव मोडू नये. यंदा मांडव लहान घालावा, रोषणाई कमी करावी, आणि नोकरीनिमित्त पुण्या-बंगळुरूला गेलेल्या आपल्या मुलामुलींकडे रीतसर पावती पुस्तक घेऊन वर्गणी मागावी. त्यांच्या पत्त्यांची यादी करायला मी उद्यापासून बसतो. प्रत्येक गल्लीतून एकेक माणूस मदतीला हवा.