पाण्याचा रेणू आणि बाबाबा कसोटी



सकाळपासून चारपाच जणांनी विचारलं, “तू नक्की करतेस काय?” संगणकावर काम करते म्हटलं की लोक प्रिंटर दुरुस्त करायला बोलावतात, म्हणून आज नीट सांगते. रेणूंची हालचाल गणिताने मांडणारे प्रोग्रॅम मी लिहिते. औषधाचा रेणू प्रथिनाला कसा चिकटेल, याचा अंदाज त्यातून घेतात.

अडचण हायड्रोजनची. ऑक्सिजनला बांधलेला हा हलका गडी साधारण 10 फेम्टोसेकंदांत एक हेलकावा घेतो. सेकंदाचे, एकावर 15 शून्ये, इतके भाग केले तर त्यातला एक म्हणजे फेम्टोसेकंद. ही थरथर पकडायची तर गणिताचं पाऊल 1 फेम्टोसेकंदाच्या आसपासच हवं. पण बंधाची लांबी पक्की करून टाकली तर 2 चं चालतं. एका मायक्रोसेकंदासाठी 100 कोटींऐवजी 50 कोटी पावलं!

लांबी पक्की करायची ‘शेक’ पद्धत 1977 साली रायकार्ट, चिकोत्ती आणि बेरेंडसेन यांनी दिली. आधी अणूंना मोकळं धावू द्यायचं, मग तीन पायांच्या शर्यतीतल्या जोडीसारखं ओढून ठरल्या अंतरावर आणायचं. जड अणू थोडा सरकतो, हलका जास्त. एक बंध सुधारला की शेजारचा बिघडतो, म्हणून चूक ठरलेल्या मर्यादेत येईपर्यंत फेऱ्या मारायच्या. पाण्यात अंतरं तीनच, तिसरं दोन हायड्रोजनांमधलं. तीन बाजू ठरल्या की कोनही ठरला. बाई, आपली बाबाबा कसोटी! 1992 सालची ‘सेटल’ पद्धत हा त्रिकोण फेऱ्यांशिवाय, थेट सोडवते.

मध्यंतरी एका ग्राहकाने सुचवलं, चुकीची मर्यादा सैल करा, वेग वाढेल. वाढतोही. प्रोग्रॅम बंद पडत नाही, पडद्यावरचं चित्र तसंच देखणं. फक्त एकूण ऊर्जा गुपचूप सरकत राहते, आणि तापमान राखणारा भाग ते झाकून टाकतो. मला याचीच भीती वाटते. धाडकन बंद पडणारा प्रोग्रॅम परवडला. तो भाग काढून मी दोन्ही प्रकार शेजारी शेजारी चालवले आणि ऊर्जेचे आलेख बैठकीत ठेवले. काम हातचं जाईल म्हणून आमचेच लोक चिडले होते. तीन आठवडे घासाघीस चालली. शेवटी मर्यादा होती तीच राहिली. पाणी ‘शेक’कडून काढून ‘सेटल’कडे दिलं, हवा होता त्यातला बराचसा वेग तिथेच मिळाला.

लॅपटॉप आणलाय. जेवणानंतर प्रयोगशाळेत या, पाण्याचे 216 रेणू नाचताना दाखवते. सर, तुम्ही पुढे बसा.