घरी बसून केलेलं ट्रेनिंग हेसुद्धा कामच

 

आपल्यापैकी कोणी सुपरमार्केटमध्ये पार्ट-टाइम आहे, कोणी रेस्ट होममध्ये, कुणाचा मुलगा कॉलेज सांभाळून टेकअवेत काम करतो. या सगळ्यांना कधीतरी मेसेज येतो: 'रविवारपर्यंत हे ऑनलाइन मॉड्यूल घरून पूर्ण करा.' विषय सुरक्षेचा असतो, अन्नाच्या स्वच्छतेचा असतो. केलं नाही तर शिफ्ट मिळत नाही. केलं तर पगाराच्या स्लिपवर त्या वेळेचा पत्ता नसतो.

आपण गप्प बसतो. 'शिकायला मिळतंय ना, मग पैसे कसले मागायचे?' हे आपल्या अंगवळणी पडलंय. पण फरक लक्षात घ्या. तुम्ही हौसेने कॉफी बनवण्याचा कोर्स केलात, तर ते तुमचं शिक्षण. मालकाने सांगितलं, मालकाच्या धंद्यासाठी, आणि नाही म्हणायची सोय नाही, तर ते काम.

हे माझं नुसतं मत नाही. न्यूझीलंडमध्ये 'काम' कशाला म्हणायचं, याची कसोटी आयडिया सर्व्हिसेस विरुद्ध डिक्सन या खटल्यात लागली. डिक्सन अपंग व्यक्तींच्या निवासात रात्री झोपायला थांबत. कोर्टाने तीन गोष्टी पाहिल्या: कामगारावर बंधनं किती, जबाबदारी किती, आणि मालकाचा फायदा किती. २०११मध्ये अपील कोर्टानेही सांगितलं की ती झोपसुद्धा काम आहे, आणि किमान वेतन प्रत्येक तासाला मिळालं पाहिजे, सरासरी काढून चालणार नाही.

मग २०१८मध्ये स्मिथ्स सिटी या दुकानांच्या साखळीचा निकाल आला. दुकान उघडण्याआधी रोज सकाळी १५ मिनिटांची बैठक, पगाराशिवाय. एम्प्लॉयमेंट कोर्ट म्हणालं, हे काम आहे, पैसे द्या. ही केस कुणा एका कामगाराने नाही, सरकारी लेबर इन्स्पेक्टरने लढवली होती. दोन्ही खटले घरच्या ट्रेनिंगचे नव्हते, पण सक्तीच्या मॉड्यूलला तीच कसोटी लावून बघा.

आता हिशेब. समजा ४० मिनिटांची सहा मॉड्यूल्स, म्हणजे चार तास. १ एप्रिल २०२५ला किमान वेतन ताशी २३.५० डॉलर झालं. त्या दराने ९४ डॉलर. दर वर्षी या दराचा आढावा होतो, तेव्हा चालू आकडा बघून घ्या. एकाचे ९४, तर ३० जणांचे २,८२०. एमबीएच्या भाषेत, कंपनीचा हा खर्च तुमच्या घरच्या संध्याकाळीतून भागतो.

मग करायचं काय? मी आयटीतला माणूस, म्हणून पहिली गोष्ट नोंदीची. अशा प्रणालीत लॉगिनची आणि पूर्ण केल्याची वेळ बहुधा साठते, पण तुम्ही नेमकं किती वेळ बसलात ते तिला कळेलच असं नाही. तारीख, सुरुवात, शेवट वहीत लिहा. शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा.

दुसरी, आधीच विचारा, आणि लेखी विचारा: 'हे मॉड्यूल मी कुठल्या शिफ्टमध्ये करू? घरून केलं तर तास टाइमशीटवर कसे लिहू?' यात भांडण नाही, साधा प्रश्न आहे. बऱ्याचदा एवढ्यावरच काम होतं.

तिसरी, पगाराची आणि तासांची नोंद मालकाने सहा वर्षं ठेवायची असते, आणि तुम्ही मागितली तर दाखवायची असते. थकलेल्या पगाराचा दावाही सहा वर्षं मागे जाऊन करता येतो. नोकरी सोडली म्हणून हक्क सुटत नाही. सरकारी मदतीचा फोन ०८०० २० ९० २०, सल्ला फुकट.

विद्यार्थी मुलांनो, तुमच्यासाठी एक खास सूचना. व्हिसावर आठवड्याच्या तासांची मर्यादा असेल, तर ट्रेनिंगचे तास त्यात धरूनच रोस्टर मागा. मर्यादेच्या भीतीने ते तास लपवू नका.

अमेरिकेत ऐकणाऱ्यांसाठी: तासावर पगार असेल, तर ट्रेनिंग बिनपगारी ठेवायला चारही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. ते कामाच्या वेळेबाहेर हवं, ऐच्छिक हवं, नोकरीशी संबंध नसलेलं हवं, आणि त्या वेळात दुसरं काम करून घेतलेलं नको. सक्ती आली की दुसरीच अट मोडते.

आज जेवताना घरातल्या पार्ट-टाइमवाल्याला एवढंच विचारा: 'ट्रेनिंगचे तास स्लिपवर आले का?' भेटू पुढच्या भागात. नमस्कार.