सरहिंद : किल्ला आणि त्याचा शेजार

मोहालीच्या विमानतळ रस्त्यावरच्या एयरोसिटीत किंवा चंडीगडला बिऱ्हाड केलेल्या मराठी माणसाकडे पाहुणे आले, की रॉक गार्डन आणि सुखना तलाव दाखवून होतात. तासाभराच्या वाटेवरचे सरहिंद मात्र राहून जाते. इतिहासाची गोडी असलेल्याला हे नाव ठाऊक असते ते १७५८ मुळे. त्या वर्षी मार्चमध्ये राघोबादादांच्या फौजांनी शीख सरदार आणि अदीना बेग यांच्या साथीने अब्दालीचा सरदार अब्दुस्समदखान याला तेथे कैद केले आणि एप्रिलमध्ये मराठे लाहोरात शिरले. आपल्या लेखी सरहिंद म्हणजे अटकेच्या वाटेवरचा एक मुक्काम. माझे म्हणणे असे, की मराठी मुलखाचे सरहिंदशी नाते त्याहून पन्नास वर्षे जुने आहे. ते नांदेडला गोदावरीकाठी जुळले. ते समजून घ्यायचे, तर तिथला किल्ला शेजारच्या फतेहगढ साहिब गुरुद्वाऱ्याच्या बाजूने पाहावा लागतो.

हे आपल्याला सोपे नाही. रायगडावर राजवाड्याचे चौथरे पाहून आपण जगदीश्वरापुढे हात जोडतो, तेव्हा गड आणि देव दोघेही आपलेच असतात. सरहिंदला किल्ला जुलमाच्या बाजूचा आहे. मोगल फौजदार वझीरखानाने गुरू गोविंदसिंगांच्या मातोश्री माता गुजरी आणि गुरूंची दहा वर्षांच्याही आतली दोन मुले, जोरावरसिंग आणि फतेहसिंग, यांना ऐन डिसेंबरात किल्ल्याच्या ठंडा बुरुजात कोंडले. मुलांनी धर्म सोडला नाही आणि परंपरा सांगते की त्यांना भिंतीत चिणले. मालेरकोटल्याचा नवाब शेर महंमदखान याने वझीरखानाच्या दरबारात या शिक्षेला विरोध केला, हेही शीख समाजाने आजवर जपून ठेवले आहे. पुढे १७०८ साली नांदेडला गुरूंची भेट माधोदास बैराग्याशी झाली आणि तोच बंदासिंग बहादूर होऊन पंजाबकडे निघाला. १२ मे १७१० रोजी छप्पर चिरीच्या लढाईत वझीरखान मारला गेला. ते रणांगण याच मोहालीत आहे आणि त्यावर आज ३२८ फुटांचा फतेह बुर्ज उभा आहे.

कोणी म्हणेल, तिथे पाहायला उरलेय काय? किल्ला गेला, ठंडा बुरुजाच्या जागी नवे बांधकाम आले. हा आक्षेप खरा आहे. जुन्या विटा राखायला हव्या होत्या, असे मलाही तीव्रतेने वाटते. पण ज्या किल्ल्याने माणसे कोंडली तो नाहीसा झाला आणि मुलांना चिणल्याच्या जागेवर फतेहगढ साहिब उभे राहिले, एवढेच नव्हे तर १९९२ मध्ये जिल्ह्यालाही तेच नाव मिळाले. इतका स्पष्ट निकाल अभंग तटबंदीतूनही वाचता आला नसता. बादशाही डौलच पाहायचा असेल, तर दिल्ली-लाहोर मार्गावरच्या मुक्कामासाठी बांधलेला आम खास बाग, त्यातले हमामखाने आणि सर्दखाना जवळच आहेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : अशा जागा जुने वैर जागे ठेवतात. सरहिंद लुटले गेले, उद्ध्वस्त झाले, आणि लुटणाऱ्यांत १७५८ ची आपली फौजही होती. ते लपवण्यात अर्थ नाही. पण गुरुद्वाऱ्यालगतच रौझा शरीफ आहे, नक्शबंदी पंथाचे शेख अहमद सरहिंदी यांची कबर. शिखांचे गुरू अर्जनदेव यांच्या मृत्यूवर या शेखांनी पत्रातून समाधान व्यक्त केले होते. त्याच आवारात अफगाणिस्तानचा पदच्युत बादशहा शाह जमान पुरला आहे, म्हणजे पानिपतावर आपल्याला हरवणाऱ्या अब्दालीचा नातू. शीख यात्रेकरूंनी गजबजलेल्या गावात शेखांची ही कबर जपली जाते आणि उरुसाला दूरदूरचे भाविक येतात. वैरच टिकवायचे असते, तर हा शेजार टिकला नसता. म्हणून एयरोसिटीहून निघणाऱ्याने आधी छप्पर चिरीला थांबावे, मग ठंडा बुरूज आणि फतेहगढ साहिब पाहावे, आणि रौझा शरीफला गेल्याशिवाय परतू नये. डिसेंबरअखेर या मुलांच्या स्मरणार्थ भरणाऱ्या शहिदी सभेला लाखोंची दाटी होते, तेव्हा निवांत पाहणाऱ्याने दुसरा महिना निवडावा.