प्रभावांची वंशावळ पुरे झाली



विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या जर्मन साहित्यावरचे निबंध मी सकाळपासून मन लावून ऐकले. अध्यक्षानं शेवटी सगळ्यांचं कौतुक करून खाली बसावं, असा संकेत आहे. तो मी आज मोडणार आहे. जवळजवळ प्रत्येक निबंधात तीच वंशावळ होती: नीत्शेनं देवाचा मृत्यू जाहीर केला, फ्रॉईडनं मन उकललं, महायुद्धानं माणूस मोडला, आणि त्यातून काफ्का, बेन, डोब्लिन उपजले. याला समीक्षा म्हणायला मी तयार नाही. ही कुंडली मांडणं झालं.

काफ्काच घ्या. आपल्याकडे त्याचं नाव बहुतेक वेळा निराशेचा शिक्का म्हणून वापरलं जातं. हा माणूस १९०८ पासून प्रागच्या कामगार अपघात विमा संस्थेत नोकरीला होता. कारखान्यांची धोक्यानुसार वर्गवारी करायची, तक्रार घेऊन येणाऱ्या मालकांना उत्तरं द्यायची, हे त्याचं काम. संस्थेच्या १९०९ च्या अहवालात लाकूड रंधणाऱ्या यंत्रांवर त्याचं टिपण आहे, सोबत आकृत्या आहेत. चौकोनी दांड्याच्या यंत्रात दांडा आणि टेबल यांच्यामध्ये फट राहते. लाकूड उसळलं की कामगाराचा हात त्या फटीत जातो आणि बोटं तुटतात. दांडा गोल केला, पाती आत बसवली, की फट अरुंद होते. तुटक्या बोटांचे पंजेही त्या आकृत्यांमध्ये काढलेले आहेत.

आणि ऑक्टोबर १९१४ मध्ये हाच माणूस दंडवसाहतीची कथा लिहितो. कैद्याच्या अंगावर सुयांनी शिक्षा कोरणारं यंत्र, आणि त्याचा एकेक भाग अभिमानानं समजावून देणारा अधिकारी. इतकं भयंकर यंत्र, आणि त्याचं वर्णन किती शांत, किती तपशीलवार! हा सूर नीत्शे वाचून लागत नाही. अपघातांच्या फायली रोज लिहिणाऱ्या हाताला तो लागतो. सगळा काफ्का कचेरीतून निघाला असं मी म्हणत नाही. वडिलांचा धाक आहे, प्रागमध्ये पाहिलेली यिडिश नाटकं आहेत. पण ती फाइल एकदा उघडून तर पाहा!

आता बेन आणि डोब्लिन. दोघंही बर्लिनमध्ये डॉक्टरकी करणारे, दोघांनी नीत्शे वाचलेला, दोघंही अभिव्यक्तिवादाच्या गोटातले. बेनच्या १९१२ च्या ‘मॉर्ग’ या कवितासंग्रहात बुडून मेलेला एक बिअरगाडीवाला शवविच्छेदनाच्या टेबलावर येतो. त्याच्या दातांत कुणीतरी ॲस्टरचं फूल खोचलेलं असतं, आणि डॉक्टर ते फूल प्रेताच्या छातीत ठेवून शिवून टाकतो. डोब्लिननं १९२९ च्या ‘बर्लिन आलेक्झांडरप्लाट्झ’मध्ये हवामानाचे अंदाज, जाहिराती, कत्तलखान्यात आलेल्या जनावरांचे आकडे जसेच्या तसे घातले. लोक लगेच म्हणाले, जॉइसचा प्रभाव. डोब्लिननं सांगितलं, जॉइस हाती येण्याआधीच कादंबरीचा पाव भाग लिहून झाला होता. त्याचं कुणी ऐकलं?

मग १९३३ उजाडलं. राइशटागला, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीला, आग लागली आणि दुसऱ्याच दिवशी डोब्लिननं देश सोडला. मे महिन्यात त्याची पुस्तकं जाळली गेली. बेननं मात्र एप्रिलमध्ये रेडिओवरून नव्या नाझी राजवटीची तरफदारी केली. पुढे त्याचे डोळे उघडले, १९३८ मध्ये त्याच्याही लेखनावर बंदी आली. म्हणून ते भाषण पुसलं जात नाही. शहर तेच, पेशा तोच, नीत्शेही तोच. तुमची वंशावळ या दोन माणसांतला फरक कसा सांगणार? तो सांगता येत नसेल, तर तिनं साहित्याचं काय उलगडलं?

उद्याच्या परिसंवादात निबंध वाचणाऱ्यांना माझं स्पष्ट सांगणं आहे. नीत्शेचं, फ्रॉईडचं नाव घ्यायचं असेल, तर तो कुठल्या पुस्तकात, कुठल्या पानावर दिसतो, ते पान उघडून वाचून दाखवा. जर्मन येत नसेल तर अनुवाद चालेल. पान सापडत नसेल, तर तो परिच्छेद आज रात्रीच काढून टाका.